इनोसंट

खिडकीच्या काचांवर ओल्या बर्फाचा करडा उजेड साचला होता, आणि त्या मंद उजेडात फोनची घंटा उगाचच कर्कश वाटली. पिस्कॅटवे या अमेरिकन गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी रिसीव्हर कानाशी धरून उभी होते. इस्पितळातली बाई फार मृदू स्वरात सांगत होती, की ह्यांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेलं रक्त तपासलेलं नव्हतं. तेव्हा एकदा टेस्ट करून घ्यावी. कोणती टेस्ट, हे विचारायची गरजच नव्हती. एड्सच्या त्या वर्षांत त्या साध्या शब्दाला एकच अर्थ उरला होता.

किती निरागस शब्द होते ते! 'पॉझिटिव्ह' म्हणजे उमेद, हे मी या देशात येऊन हौसेनं शिकले होते. आता शेजारीण मला धीर देताना "थिंक पॉझिटिव्ह" म्हणाली आणि स्वतःच ओठ चावून गप्प झाली. आमची लेक शिल्पा जेवताना शब्द पारखून बोलू लागली. ह्यांचा पेला मी वेगळा ठेवला नाही. पण तो धुताना हात क्षणभर थांबे. भीती आधी भाषेत शिरते, की हातांत?

निकालाच्या दिवशी इस्पितळात आमच्यासमोर एक कृश तरुण एकटाच बसला होता. त्याच्या मानेवर त्या आजाराचे जांभळे डाग होते. नर्स ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काहीही निघालं तरी तुम्ही इनोसंट आहात."

केवढा दिलासा होता त्या शब्दात! मी तो घट्ट धरलाही असता. पण तरुणाची मान खाली गेलेली मला दिसली. एकाला निष्पाप म्हणताना दुसऱ्याला काय म्हटलं गेलं, ते त्याला न उच्चारताच ऐकू आलं होतं.

हे उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. "मी माधव," हे इंग्रजीत म्हणाले, "मला फार भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला. "मी डेव्हिड."

आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर "निगेटिव्ह" म्हणाले, आणि त्या नकारावर मी आनंदानं रडले. बाहेर येऊन मी कोट चढवला. हे मात्र पुन्हा त्याच खुर्चीत बसले.

"अहो, निघायचं ना?"

"त्याला अजून बोलावलं नाही. एकटाच आहे गं."

मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. काय बोलावं? इंग्रजी सुचेना, मराठीही सुचेना. शेवटी मी नुसतं "डेव्हिड" म्हटलं, आणि त्यानं मान वर केली.