चौथा उद्गार

"पप्पा, दोरखंडाचं झालं तेवढं बास झालं. आता ह्या शबकचं नवीन काढू नका," आदर्श ओरडला.

"ओरडू नकोस. आणि शबक मी काढलेलं नाही. माझ्या आधी दोन हजार वर्षं ते तिथंच आहे," शांतवन सर म्हणाले.

"मग पाळकांना सांगा की तसं! तुम्ही फोन उचलत न्हाई म्हणून ते मला करत्यात. मी कारखान्यात भट्टीपुढं उभा, आणि पाळक सांगाय लागल्यात, वडलांना म्हणावं, चौथा उद्गार मराठीत हाय तसा बोला, न्हाईतर दुसऱ्या कुणाला देतो."

"देऊ दे की. दुसराही तेच वाक्य वाचणार, आणि त्यातला मधला तुकडा अरामीच असणार. शास्त्रातच तो तसा ठेवलाय. मी फक्त अर्थ सांगणार."

"अर्थच नको म्हणत्यात ते!"

एस्तेर स्वयंपाकघरात पाटावर बसून ब्रेडच्या कडा कापत होती. बापलेकांचा आवाज चढला की सुरी आपोआप जोरात चालत होती. आज गुरुवार, संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन. त्याची भाकर तयार करायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडं होतं. काम म्हणजे काय, तर बेकरीतनं पांढरा ब्रेड आणायचा, कडा काढायच्या आणि उरलेल्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, पांढऱ्या फडक्याखाली ताटात झाकून न्यायचे. कडांचा दुसऱ्या दिवशी चिवडा व्हायचा. तिची सून पूर्णिमा मोरीत द्राक्षरसाचे चिमुकले ग्लास विसळत होती आणि कान मात्र बाहेरच्या खोलीत ठेवून होती.

उद्या उत्तम शुक्रवार. क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं, ही चर्चची रीत. यंदा चौथा उद्गार सरांच्या वाट्याला आला होता. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इतरांनी कळंब्याच्या तळ्याकडं फिरायला जायला सुरुवात केली, सरांनी अरामी शिकायला घेतली. येशूची घरची बोली ती, म्हणून. केरळातले कुणी एक म्हातारे धर्मगुरू मोबाइलवर शिकवायचे आणि सर माडीवरच्या खोलीत बसून उजवीकडून डावीकडं अक्षरं गिरवायचे. माडीवरची खोली म्हणजे संयोगिताची. ती लग्न होऊन गडमुडशिंगीला गेली आणि तिच्या पलंगावर सरांचे कागद पसरले.

शिकले तर शिकले, पण सरांना सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. शास्त्रातल्या सुईच्या नाकातून जातो तो उंट नव्हे, दोरखंड असेल, दोन्हीचा शब्द सारखा आहे असं काहींचं म्हणणं आहे, असं ते एका रविवारी चर्चच्या पायरीवर बोलून गेले. पुढच्या रविवारी निम्मी मंडळी त्यांना दोरखंडसर म्हणत होती.

"एस्तेर, तूच सांग आता," म्हणत सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागं आदर्श.

"मला कशात घेऊ नका. मला साडेपाचला ताट पोचवायचं हाय."

"एक मिनिट ऐक. शबक. सोडणं. आपल्या मराठीत सोडणं कसं, तसंच. रोजच्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो? आमची ऋणे आम्हांस सोड. तिथं शबक. क्रुसावरचा पहिला उद्गार काय? बापा, त्यांना क्षमा कर. तिथं शबक. आणि चौथा, मला का सोडलंस? तिथंही शबकच! अगं, ज्या शब्दानं तो मारणाऱ्यांना माफ करतो, त्याच शब्दानं बापाला जाब विचारतो. हे लोकांना सांगायचं नाही?"

"लोकांचा गोंधळ होतोय," आदर्श म्हणाला. "क्षमा आणि त्याग एक कसा? उद्या कोण पण उठंल आणि बायकोला सोडंल, म्हणंल मी क्षमा केली."

"नवऱ्यानं सोडलेली बाई, तिलाही त्या भाषेत ह्याच शब्दावरनं नाव आहे."

"झालं! हे पण सांगा उद्या. महिला मंडळ पहिल्याच बाकावर असतंय."

पूर्णिमाला हसू आलं. तिनं ते ग्लासांच्या खुळखुळाटात लपवलं.

"हसा," सर म्हणाले. "पण मला एवढंच म्हणायचंय, आपण क्षमा म्हटलं की धरून ठेवणं समजतो. एकत्र नांदणं, पोटात घालणं, वर पुन्हा हसून वाढणं. त्या शब्दात तसलं काही नाही. मूठ उघडायची, एवढंच आहे. क्षमा कर म्हणजे सोड. त्यानंतर त्याच्याजवळ राहिलंच पाहिजे असं येशू त्याच्या भाषेत कुठं म्हणतो, ते पाळकांनी मला दाखवावं."

एस्तेरची सुरी थांबली.

सरांना ते दिसलं नाही. त्यांना वाटलं बायको विचार करते आहे, आणि ते आणखी सांगत सुटले. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच सोड आणि आधी त्याच्याकडं जा. तिथंही शबक. एस्तेरला पुढचं नीट ऐकू आलं नाही. 'क्षमा कर म्हणजे सोड' एवढ्यावरच ती अडकली होती. कारण 'क्षमा कर म्हणजे नांद' हे तिनं सांगितलं होतं. ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच पाटावर बसून, स्वतःच्या पोरीला.

दोन पावसाळे झाले त्याला. संयोगिता एकटीच आली होती, रिक्षानं, पिशवी घेऊन. घरात दुसरं कुणी नव्हतं. डावा कान दुखतोय म्हणाली. एस्तेर जन्मभर दवाखान्यात सिस्टर होती. टॉर्च घेऊन तिनं कानात बघितलं. पडदा फाटला होता. सर्दीनं फाटलेला पडदा कसा असतो आणि मारानं फाटलेला कसा, ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गालावर चार बोटांचा पिवळा पडत आलेला डागही होता.

"मम्मी, मला न्हाई जायचं परत," पोरगी म्हणाली होती.

आणि एस्तेर काय म्हणाली? बायकांच्या वॉर्डात स्टोव्हचा भडका उडाला म्हणून, जिन्यावरनं पडले म्हणून येणाऱ्या परक्या पोरींच्या कानाशी वाकून ती सांगायची, "पोरी, परत जाऊ नको. तुझा जीव हाय." किती जणींना सांगितलं असेल. स्वतःच्या पोरीला मात्र तिनं भात वाढला, कानात कापूस घातला, पाणी जाऊ देऊ नको म्हणाली आणि मग म्हणाली, "एलिशाला क्षमा कर. प्रभूनं सात वेळा सत्तर सांगितलंय. क्षमा करायची म्हणजे नांदायचं."

हे स्थळ तिनंच आणलं होतं. जावई एलिशाची आई महिला मंडळातली, तिची मैत्रीण. लग्नात एस्तेर मिरवली होती. आता पोरगी परत आली तर पहिल्या बाकावर कुठल्या तोंडानं बसायचं, हा विचार भात वाढतानाच मनात येऊन गेला होता. तो विचार तिनं नीट ओळखला होता. ओळखून त्याला शास्त्रवचनाचं पांघरूण घातलं होतं.

संध्याकाळी तिनंच पोरीला मुडशिंगीला नेऊन सोडलं. नेऊन सोडलं. हा शब्द मनात उमटला आणि ती चपापली. विहिणीनं चहा केला. एस्तेरनं तो प्यायला, साखर जास्त झालीय म्हणून चेष्टाही केली. घरी येऊन सांगितलं, सर्दीनं कान दुखतोय तिचा.

"मम्मी?" पूर्णिमानं हात पुसत विचारलं. "बरं वाटत न्हाई का?"

"काय न्हाई. ग्लास पूस."

"पुसते. पण एक विचारू का? संयोगिताताईंच्या कानाचं नक्की काय झालंय? नाताळात मी डावीकडनं दोनदा हाक मारली, वळल्याच न्हाईत. मला वाटलं रागावल्यात. मग बघितलं तर ताई सगळ्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसत्यात, उजवा कान आपल्याकडं करून."

"सर्दीचं आहे ते जुनं," सर म्हणाले. "मी म्हटलंय तिला, दाखव एकदा. एस्तेर, तू बघितला होतास ना?"

एस्तेरच्या हातात ब्रेडचा तुकडा चुरगळला होता. तो प्रभुभोजनाच्या ताटात टाकता येईना आणि कडांच्या ढिगातही टाकवेना.

सकाळीच संयोगिताचा फोन आला होता. आवाज नेहमीसारखाच, भाजीचा भाव विचारावा तसा. "मम्मी, उद्या चर्चला येणार हाय. उपासना झाल्यावर मी घरी आले, आणि मग तिथंच राहिले तर चालंल का? संध्याकाळपर्यंत सांग. न्हाई म्हटलीस तर मी न्हाई येत."

"सण होऊ दे बाई," एस्तेर म्हणाली होती. "मग बघू."

"बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला होता. ते 'बरं' सकाळपासून एस्तेरच्या मागं मागं फिरत होतं. पोरगी रडली असती तर सोपं गेलं असतं. रडणाऱ्या पोरीला गप्प करता येतं. ही आधीच गप्प होती.

"मग मी पाळकांना काय सांगू?" आदर्शनं फोन हातात घेतला. "एकदाचं ठरवा. मला परत फोन करायचा हाय. चौथा उद्गार देऊ का दुसऱ्याला?"

"दे!" सर चिडून म्हणाले. "दे त्याला. सांग, शांतवन रणभिसे गप्प बसेल. ह्या घरात मला कुणाचा आधार नाही, चर्चमध्ये कुठनं असणार?"

"आधार कशाचा? पप्पा, तुम्ही त्या शब्दापायी माडीवर कोंडून घेतलंय. घरात काय चाललंय त्याचा पत्ता हाय का तुम्हाला?"

"काय चाललंय घरात?"

"ते मला पण ठाऊक न्हाई," आदर्श म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "पण मम्मी सकाळपासनं जेवलेली न्हाई, एवढं दिसतंय."

"उपवास आहे तिचा."

"उपवास उद्या असतोय, पप्पा," पूर्णिमा म्हणाली.

तिघंही एस्तेरकडं बघू लागले. तिनं सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले. सर म्हणतात ते खरं की खोटं, तिला ठाऊक नव्हतं. केरळातले म्हातारबाबा चुकत असतील, पाळक बरोबर असतील. उंट असेल नाहीतर दोरखंड. पण टॉर्चच्या उजेडात जे दिसलं होतं, त्याला कुठल्याही भाषेत दुसरा अर्थ नव्हता. आणि त्या दिवशी पोरीला 'क्षमा कर' म्हणताना ती प्रभूचं बोलत नव्हती, स्वतःच्या बाकाचं बोलत होती.

"सर्दी नव्हती ती," एस्तेर म्हणाली.

"काय?"

"संयोगिताचा कान. एलिशानं मारलंय. पडदा फाटलेला मी माझ्या डोळ्यानं बघितलाय. तुम्हाला सर्दी म्हणून सांगितलं ते मी खोटं सांगितलं. आणि मीच तिला परत नेऊन घातली."

आदर्शच्या हातातला फोन वाजू लागला. बहुतेक पाळकच. कुणी उचलला नाही. सरांनी दाराची चौकट धरली. पूर्णिमा हातात ओला ग्लास धरून उभी होती.

"दोन वर्षं?" शेवटी सर म्हणाले. "एस्तेर, तू दोन वर्षं..."

"व्हय. मला बोलायचं ते नंतर बोला. समदं ऐकून घीन. आत्ता न्हाई."

"मी जातो," आदर्श म्हणाला. "त्याला मी..."

"तू त्याला हात लावायचा न्हाईस. तू फक्त गाडी चालवायची."

ती उठली. गुडघे दुखत होते, भिंतीला धरून उठली. ताटातले पांढरे तुकडे निम्मेच झाले होते. त्यांच्यावर तिनं फडकं टाकलं. एका कोपऱ्याला सुरकुती राहिली होती, ती तळहातानं साफ केली, आणि ताट होतं तिथंच ठेवून दिलं.

"मम्मी, भाकर?" पूर्णिमानं विचारलं. "साडेपाचला..."

"उरलेले तुकडे तू कर आणि ताट तू पोचव. पाळकांनी विचारलं तर सांग, एस्तेर आज प्रभुभोजन घ्यायला येणार न्हाई. महिला मंडळानं विचारलं तर का येणार न्हाई ते पण सांग. लपवू नको. एलिशाची आई असंल, तिच्यासमोर सांग."

"आणि उद्याचं?" सरांनी विचारलं. हा प्रश्न आपण कशाला विचारला, असं त्यांच्याच चेहऱ्यावर दिसलं.

"उद्याचं तुमचं तुम्ही बघा." तिनं चप्पल पायात सरकवली, हुकावरची पिशवी काढली. "मी आदर्शसंगं मुडशिंगीला चाललेय. संयोगिताला घेऊन येणार. सणापुरती न्हाई. ती आता हितंच राहणार. आम्ही येईपर्यंत माडीवरची खोली रिकामी करा. तुमचे कागद खाली आणून ठेवा, आणि पलंगावर धुतलेली चादर घाला."