सकाळची शाळा आणि वस्तीतला नळ

“या, बघा तुमची हद्दवाढ,” असं म्हणत मुख्याध्यापिका केतकरबाईंनी चौथीच्या वर्गाचं दार उघडलं. मागचे बाक रिकामे होते.

मी तेव्हा महापालिकेच्या प्राथमिक शाळांची सुपरवायझर होते. कोणत्या गल्लीतल्या मुलांनी कोणत्या शाळेत जायचं हे ठरलेलं असे. त्याला शाळेची हद्द म्हणायचं. नारायण पेठेतल्या या शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरत चालला होता. नदीकाठच्या वस्तीतल्या शाळेत मात्र मुलं व्हरांड्यात बसत. म्हणून मी वस्तीच्या दोन गल्ल्या पेठेतल्या शाळेला जोडल्या. महिनाअखेर पट भरला नाही, तर इथला एक शिक्षक कमी होणार होता. मुलगे आले. मुली काही येईनात.

“शिकायची हौस लागते हो,” केतकरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीत गेले. सार्वजनिक नळावर हंडे-कळश्यांची ही रांग! रांगेत माझा चौथीचा वर्ग उभा होता. मंगल नावाच्या मुलीला मी शाळेचं विचारलं, तर तिची आईच पुढे आली.

“बाई, मी धुण्याभांड्याला जाते. पानी कोन भरनार? आधीची शाळा दुपारची व्हती, पोरगी पानी भरून जायची. तुमची ही सकाळची, आन् ती बी तुमी बंद केली.”

नकाशावरच्या माझ्या एका रेघेने मंगलची शाळा सुटली होती.

पालकसभेत बँकेत नोकरी करणारे आपटे उभे राहिले. “आमचा कोणालाच विरोध नाही. त्यांच्यासाठी दुपारी शाळा भरवा. आपण सुखी, तेही सुखी.”

म्हणजे एका इमारतीत दोन शाळा. सकाळी पेठेची, दुपारी वस्तीची. मग मी हद्द सरकवली कशाला?

“भरवते,” मी म्हणाले. “पण शिक्षक आहेत तेवढेच राहतील. निम्मे दुपारी जातील. मग तुमच्या मुलीची, वर्षाची, चौथी आणि तिसरी एकाच बाईंकडे, एकाच खोलीत.”

“अहो, तिची यंदा स्कॉलरशिपची परीक्षा आहे!”

“म्हणूनच सांगते आहे.”

आपटे खाली बसले.

तिथून मी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे गेले. पहाटे पेठेला पाणी यायचं आणि ते बंद झालं की वस्तीला. हा क्रम उलटा करा, एवढीच माझी मागणी होती.

“शाळेसाठी नळाची वेळ बदलायची? उद्या मुंजीसाठी मागाल,” साहेब म्हणाले. “पेठेतले लोक पेपरात पत्रं लिहितील.”

“पेठेत घरोघरी टाक्या आहेत. पाणी कधी येतं ते त्यांना माहीत तरी आहे का?”

“माहीत नसेल. पत्र लिहिता येतं ना!”

“त्यांच्याच सह्या आणल्या तर?”

“आणा,” ते हसून म्हणाले. मी आणणार नाही याची त्यांना खात्री होती.

सह्या आपट्यांनी आणल्या. संध्याकाळी बँकेतून आले की पिशवी ठेवून दारोदार फिरायचे. समतेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. प्रत्येक घरी फक्त स्कॉलरशिपचं सांगितलं, वस्तीतल्या मुली सकाळी आल्या नाहीत तर चौथीला वेगळ्या बाई राहणार नाहीत. सगळ्यांना पटलं.

सोमवारी वस्तीचा नळ पहाटे सुटला. मी शाळेच्या फाटकात उभी. प्रार्थना सुरू झाली तरी मुलींचा पत्ता नाही. केतकरबाई घड्याळ बघत माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका झाला आणि पोरी धावत आल्या. परकरांच्या कडा ओल्याच होत्या. त्यात मंगलही होती.

“उशीर झालाय,” केतकरबाई करवादल्या, पण फाटक त्यांनीच सताड उघडलं. मंगलला वर्षाशेजारी बसवलं. महिनाअखेर पट भरला, शिक्षक राहिला. त्या दिवशी मी ऑफिसात एकापाठोपाठ दोन कप चहा प्यायले. इतकं हलकं मला माझ्या प्रमोशनलाही वाटलं नव्हतं.

पुढे मी बऱ्याच शाळांच्या हद्दी बदलल्या. हाताखालच्या लोकांना एकच सांगायची, नकाशा नंतर उघडा. आधी त्या गल्लीत सकाळी जा आणि पोरींच्या हातात काय आहे ते बघून या.