घुग्घुसात पांढरं छत

आमच्या गावात पांढरा शर्ट लग्नाला घालतात, तोही जेमतेम वरातीपर्यंत टिकतो. खाणीची काळी धूळ, सिमेंटची करडी धूळ आणि ट्रकांनी केलेली दोन्हींची खिचडी, हे आमचं हवामान. अशा घुग्घुसात मी घराचं छत पांढरं केलं. गल्ली अजून हसते. हसू दे.

सुरुवात बायकोच्या शिलाई मशीनपासून झाली. वरच्या खोलीत ती ब्लाउज शिवते. डोक्यावर उघडा स्लॅब, म्हणजे एप्रिल लागला की तवाच. लग्नसराईचं काम ढिगानं पडलेलं आणि खोलीत बसवत नाही. एका दुपारी तिनं मला स्टुलावर चढवलं.

"लावा हात स्लॅबले."

लावला, आणि झटक्यात काढला.

"यंदा ही खोली थंड झाली नाई, तर मी मशीन घेऊन नागभीडले भावाकडे चालली. लगनं सरली की येईन."

ती बोलते तसं करते, हे मला चांगलं माहीत आहे.

तो भाऊ, म्हणजे माझा साळा, फोनवर म्हणाला, "भाऊजी, एसी लावून टाका, बात खतम." गल्लीचंही तेच. मी मात्र अडून बसलो. वरून भट्टी पेटलेली ठेवायची आणि आत थंडी भरत बसायची? भर दुपारी लाइन गेली की पुन्हा भट्टी ती भट्टी! विजेचा कोळसा आमच्या बोकांडी, धूळ आमच्या नाकात, आणि लाइन जाते तीही आमचीच. नाई लावत, जा.

नाही म्हणून झालं, पण मग करायचं काय? मी सगळ्यांत सोपं तेच आधी केलं. जुने बल्ब तापतात म्हणून घरभर एलईडी दिवे लावले आणि ऐटीत बायकोला वर बोलावलं.

"मस्त," ती पदरानं मान पुसत म्हणाली. "आता घाम साफ दिसून राह्यला."

मग फ्रिज सारखा चालून घर तापवतो म्हणून त्याच्या दाराचं रबर बदललं. फ्रिज थंड झाला, बायको नाही.

मग डोकं चाललं. नागभीडहून, साळ्याच्याच वावरातून, धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणलं आणि स्लॅबवर जाड अंथरलं. स्वतःवर मी फार खूश होतो. तणसात राहिलेले दाणे वानरांना सापडेपर्यंत. अख्खा कळप छतावर पंगतीला बसला. उरलेलं तणस एका वावधनानं, वादळी वाऱ्यानं, उचललं आणि गल्लीतल्या प्रत्येक अंगणात नेऊन टाकलं. पण एक सांगतो, वानरं वर नाचत होती तेव्हा बायको खाली शिवत होती. मला शिव्या घालत होती, पण शिवत होती! ऊन वरच अडलं होतं. तिथंच मी ठरवलं, आधी छत. पंखा, कूलर, सगळं मागून.

डिंक घालून चुना कालवला आणि स्लॅबवर दोन हात मारले. निम्मा चुना माझ्याच अंगावर. समोरचे काका गच्चीवरून ओरडले, "काऊन भाऊ, छताले पावडर लावून राह्यले? पाहुणे पाहाले येणार हायेत का?"

खोली निवली, आणि मी गल्लीतून छाती काढून फिरलो. पुढच्याच आठवड्यात स्लॅब पुन्हा पोळायला लागला. वर जाऊन पाहतो तर छत कोळशाच्या वॅगनसारखं. जन्म घुग्घुसात गेला, आणि इथं पांढरं टिकत नाही एवढं मला आठवलं नव्हतं!

"लावा आता एसी," गल्ली म्हणाली.

मी झाडू घेतला. तेव्हापासून ड्युटीवर निघायच्या आधी रोज छत झाडतो आणि ओल्या पोत्यानं पुसतो. खाण रोज काळं करते, मी रोज पांढरं करतो. बघू कोण थकतं.

भर मे महिन्यात, बायकोच्या आधीच्या निरोपावरून, साळा टेम्पो घेऊन मशीन न्यायला आला. लाइन गेलेली. बायकोनं त्याला पाणी दिलं आणि स्टुलावर चढवलं.

"दादा, हात लावून पाह्य."

त्यानं भीत भीत बोटं टेकवली, मग अख्खा पंजा. पंजा तिथंच राहिला. "कोमटच हाये, बाई," तो म्हणाला.

"मंग उतर. उजेड अडवून राह्यला, मले काजं कराची हायेत."

टेम्पो रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी मी छतावर विजयी मुद्रेनं उभा असताना खालून हाक आली, "अहो, काल ट्रक लय गेले. आज दोनदा झाडा."

झाडलं.