पांढऱ्याचा कळप

"उन्हात चला!" एवढं म्हणून दुकानात साड्या दाखवणारे म्हातारे मामा एक साडी खांद्यावर टाकायचे आणि गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढायचे. गुलमंडीवरच्या त्या दुकानाच्या पायरीशी माझं फॉल-पिकोचं मशीन. त्यामुळे हा सोहळा मला रोज फुकटात दिसे!

बौद्ध लग्नांच्या पांढऱ्या साड्या विकाव्यात त्या मामांनीच. एकदा मी म्हटलं, "मामा, पांढरा तो पांढरा. त्यात काय निवडायचं?" केवढ्यांदा हसले! त्यांचं लहानपण पिशोरला मेंढरांमागं गेलेलं.

"पांढरा म्हंजी एक रंग नाय पोरी, कळप हाय कळप! दुधाचा, चुन्याचा, कपाशीचा, ज्वारीच्या पिठाचा. वळखता आला पायजे."

तेव्हापासून मलाही वेड लागलं. भात निराळा, मीठ निराळं, माझी लग्नातली साडी तर तिसरीच! तुम्हीही घरात एकदा बघाच.

मग गंगापूरची एक नवरी आली. लग्न दोन दिवसांवर. "चुन्यासारखी पांढरी द्या," तिची आई म्हणाली. मामा एकेक साडी उन्हात धरत आणि बाजूला टाकत. "ही पिवळी पडली. ही बी पिवळीच!" पाच साड्या झाल्या. मला तर पाचही पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. नवरी रडवेली झाली.

मी उठून हळूच म्हटलं, "मामा, साड्या पांढऱ्याच आहेत."

त्यांनी सगळ्या साड्या माझ्या हातात दिल्या. "तू बघ."

मी एकेक उन्हात धरली आणि चुन्याची निवडली. नवरी खुलली. मामा मात्र पायरीवर डोळे चोळत बसले होते. फार वाईट वाटलं मला.

डॉक्टरांनी तपासलं, तर मामांना मोतीबिंदू निघाला. "कळप वळखू येत नाय, तर राखायचा कसा?" म्हणाले आणि पिशोरला मेंढरं राखणाऱ्या लेकाकडं निघून गेले.

परवा फोन आला. ऑपरेशन होऊन डोळ्याची पट्टी सुटली होती. मामा ओरडतच होते, "पोरी, मीठ लई पांढरं हाय गं! चुना बी! मेंढरं समदी येगयेगळी दिसाया लागली!"

"मग दुकानात कधी येताय?"

"आता कशाला? तू हायेस की तिथं, पांढरं वळखायला."

फोन बंद करायचा ते विसरलेच. मेंढरं ओरडत होती आणि त्यातून मामांचा आवाज येत होता, "ही चुन्याची... ती दुधाची... ए, ज्वारीच्या पिठाची, इकडं ये!"

मी मशीन थांबवलं आणि ऐकत बसले.