गजाच्या खाटेपाशी

मालोजी खोपोलीच्या प्रार्थनाघरातला वडील, म्हणजे मंडळीनं नेमलेला कारभारी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा कर्जतहून यायचे. बाकीचे रविवार मालोजीचे. तो प्रार्थनेला उभा राहिला की बायाबापड्यांचे डोळे मिटायचे आणि त्याचं तोंड चालू व्हायचं, पॉवरहाऊसातून पाणी सुटतं तसं. मन मात्र तेवढ्यात घरी जाऊन कोंबड्या डालून यायचं. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नव्हतं. केस पिकले, एवढं तरी जमणारच माणसाला.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर तो बायकोला, सोनुबाईला घेऊन गजाकडे गेला. गजानं आणि त्यानं एकाच दिवशी पाताळगंगेत बाप्तिस्मा घेतला होता. त्यापायी गावानं पाणवठा बंद केला तेव्हा दोघं एकाच डबक्यातलं पाणी धोतराच्या सोग्यानं गाळून प्यायले होते. आता गजाच्या घशात गाठ झालेली. पेजसुद्धा उतरत नव्हती. त्याची बायको कोंडी ओल्या फडक्यानं त्याचे ओठ भिजवत बसलेली.

"भावजी, प्रार्थना करा," ती म्हणाली.

मालोजीनं डोळे मिटले. "हे दयाळू बापा, आजवर सांभाळलंस म्हणून तुझे उपकार मानतो..." आवाज चांगला लागला होता. शेवट आपोआप आला, रोज ताटावर म्हणायचा तो. "हे अन्न आमच्या देहाला पुष्टी देवो. आमेन."

कुणी आमेन म्हटलं नाही. सोनुबाईनं कोपरानं ढोसलं. "आवं, काय म्हन्लात?"

काय म्हटलं ते त्याला आठवून पाहावं लागलं.

गजाच्या गळ्यात खरखर झाली. तो हसत होता. "वाढ की मग, मालू. कालवण कशाचं हाय?"

"चुकलं रं."

"हितं व्हतास कुठं तू, चुकायला?" गजा थांबत थांबत बोलला. "नदीत उतरलास तवा तुला एक शबूद येत नव्हता. नुसता कापत व्हतास. मला जायाचं हाय आता. त्या मालूला बोलीव."

मालोजी खाटेच्या कडेला टेकला. त्या मालूला त्यानं आत खूप शोधलं. निदान लाज तरी वाटायला हवी होती. तीही नाही. मुंग्या आलेल्या पायासारखं सगळं आपलंच, आणि आपलं नाही. पाठ असलेली वाक्यं ओठांवर येऊन उभी राहिली. त्यानं ती गिळली.

कोंडी चूल फुंकायला उठली. मालोजीनं तिच्या हातातलं फडकं घेतलं, वाटीत बुडवलं, गजाच्या ओठांना लावलं.

"बापा," तो म्हणाला, "मला काय बी वाटत नाय. गजा चाललाय, तरी नाय. कवापासून, ते बी ठावं नाय."

आमेन म्हणायचं राहिलं. ते गजानं म्हटलं, नुसते ओठ हलवून.

मालोजीनं फडकं पुन्हा वाटीत बुडवलं.