येवल्याचा रेशीमतंतू

देवळाली कॅम्पात दुर्बिणी दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी रडवेली होऊन त्यांच्याकडे गेले. छऱ्याच्या बंदुकीसाठी मी दुकानातली सगळ्यात मोठी दुर्बीण निवडली होती, जणू दागिनाच. चार दिवसांत तिच्या आतल्या, नेम धरायच्या फुलीची एक तार तुटली आणि रविवारी नेमबाजी क्लबची स्पर्धा होती.

"ही मोठ्या रायफलीची हाय," दुर्बीण डोळ्याला लावत ते म्हणाले. "रायफल नुसता मागं धक्का देती. छऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग मागं ढकलती अन् लगेच पुढं हिसका देती. तो हिसका हिच्या तारेला सोसत नाय."

तारेच्या जागी बसवायला त्यांनी डबीतून येवल्याच्या विणकराकडून आणलेला रेशमाचा एक तंतू काढला. चिमटा धरलेला त्यांचा हात लटलटत होता. मला राहवलं नाही.

"काका, माझाही हात हलतो. दुर्बिणीतून तर ते जास्तच दिसतं."

"दिसणारच. ती निशाण जवळ आणती, तशी थरथरही मोठी करती. हात सगळ्यांचाच हलतो, ताई. श्वास सोडला की घडीभर थांबतो. तेवढ्यात काम उरकायचं."

त्यांनी श्वास सोडला. तंतू जागेवर बसला.

रविवारी माझी फुली निशाणावर थरथरू लागली. मी श्वास सोडला. ती घडीभर थांबली, आणि तेवढ्यात मी चाप ओढला.

आता माझाही हात त्यांच्यासारखा लटलटतो. तंतू अजून तुटलेला नाही.