निरोपाची खुर्ची

सव्वीस वर्षं कॉलेजात कुस्ती शिकवली, पण इंद्रभान सरांनी मॅटशेजारच्या खुर्चीवर कधी बूड टेकवलं नाही. आज निरोप समारंभात मात्र शाल पांघरवून त्यांना बसवलंच.

"पाय कायले हालवून राह्यले? आता तरी निवांत बसा ना," पत्नी विजयमाला पुटपुटली.

विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर, म्हणून शेजारच्या हॉलमध्ये सराव सुरूच होता. तिथून धप्प आवाज आला. पाठीवर पडल्याचा वेगळा असतो, मानेवरचा वेगळा. प्राचार्यांचं भाषण चालू असतानाच सर धावत सुटले.

सरावातली पैलवान पोरगी संस्कृती मॅटवर मान चोळत बसली होती. सरांचाच जुना पठ्ठ्या, नवा कोच हरीओम, खुर्चीतून उठला.

"सर, तुमी काहून आले? मी हाय ना."

"तू बसला होता," सर म्हणाले.